देवाच्या दारातलं धरणं

घाटाच्या खालून तिसऱ्या पायरीवर तुम्ही बसला आहात. देहू, शनिवारची दुपार, गर्दी नाही. शर्टाच्या खिशात लॅबची पावती आहे, दोनदा घडी घातलेली. तिच्यावर शिक्का आहे: रिपोर्ट सोमवारी सायंकाळी 5 नंतर. घरात बसवेना म्हणून निघालात आणि कुठे जायचं ते गाडी चालू केल्यावर ठरलं. मघाशी एक आजीबाई शेजारून जाताना, तुम्ही काही विचारलं नसताना, म्हणाल्या, "त्याच्यावर टाका आन् निवांत ऱ्हावा." तुम्ही मान डोलावलीत. टाकायचं कसं हे त्यांनी सांगितलं नाही, आणि निवांत तर तुम्ही गेल्या मंगळवारपासून नाही.

आता समोर बघा. पाणी उतरतंय.

आधी जलपर्णी जाते, मग निर्माल्याच्या पिशव्या, मग पलीकडच्या काठावरची पाण्याची मोटार. तुमच्या बुडाखालची पायरी खडबडीत होते आणि नाहीशी होते. तुम्ही तापलेल्या गोट्यांवर उभे आहात. इंद्रायणी म्हणून जे उरलंय ते तीन-चार हिरवट डबकी आणि त्यांच्या मधली भेगाळलेली माती. शके 1552, म्हणजे 1630. महिना भाद्रपदाचा, आणि आभाळ चैत्रातल्यासारखं पांढरं फटफटीत.

तुम्ही कुणाला दिसत नाही, त्यामुळे बिनधास्त वर चला. बोलणं बरंचसं कळेल. शाळेत संदर्भासह स्पष्टीकरणं लिहिली, ती अगदीच वाया गेलेली नाहीत.

गाव अर्धं रिकामं आहे. ज्यांना चालता येत होतं ते पोट भरायला परमुलखात गेले. उरलेले चिंचोके भाजून खातात, झाडपाला उकळतात. गोठ्यांत दावी तशीच पडली आहेत, जनावरं नाहीत. हे एकट्या देहूचं नाही. गुजरातेपासून दख्खनपर्यंत हाच वणवा आहे. शाहजहानच्या दरबारचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने लिहून ठेवलंय की एका भाकरीसाठी लोक जीव विकायला काढत होते आणि मेलेल्यांची हाडं दळून पिठात मिसळली जात होती. दरबारी माणूस सहसा असलं लिहीत नाही. वर लढाया आहेतच. मोगल दक्षिणेत उतरलेत. पुण्यावर आदिलशाहीचा मुरार जगदेव चाल करून आला, गाव जाळलं आणि वर गाढवाचा नांगर फिरवला, अशी सांगी आहे. तिकडे उत्तरेला शिवनेरीवर एक सहा-सात महिन्यांचं मूल आहे. त्याचं पुढे काय होणार ते तुम्हाला ठाऊक आहे, इथे कुणालाच नाही. इथल्या माणसाला उद्याचंसुद्धा ठाऊक नाही.

त्या दुकानापाशी थांबा. तागडी खुंटीला टांगलेली आहे. पायली, अधोली, शेर अशी मापं रांगेत पालथी घातलेली आहेत. कणगीच्या तळाशी हात घातला तर कोंडा लागतो. आंबिले-मोऱ्यांचं हे घर पिढीजात महाजनाचं, पेठेचा मान यांच्याकडे, सावकारी यांच्याकडे. आई-वडील गेले. थोरल्या सावजीची बायको गेली आणि तो तीर्थयात्रेला निघून गेला. मधल्या मुलाच्या गळ्यात सगळं पडलं, तो हा समोरचा. विशी नुकती उलटली आहे. नाव तुका.

आतून आवाज येतोय तो ऐकू नका असं सांगितलं तरी ऐकू येणारच. रखमाई, त्याची पहिली बायको. तिला दमा आहे. एरवी दम्याच्या माणसाचा श्वास घरघरतो, पण उपाशी माणसाला तेवढाही जोर काढता येत नाही. शिट्टीसारखं काहीतरी बारीक वाजतं, थांबतं, बऱ्याच वेळाने पुन्हा वाजतं. त्या दोहोंच्या मधे ती काय मागतेय ते तुम्हाला कळतंय. तुकोबांनी पुढे स्वतःच एका अभंगात हे सांगितलं आहे, अगदी उघड्या शब्दांत: बायको अन्नासाठी तळमळत मेली आणि मला लाज वाटली. तिच्यापाठोपाठ पोरगा गेला, संतोबा. व्यापार बुडाला होता तो बुडालाच.

इथे फार वेळ थांबवत नाही. फक्त उंबऱ्यात बसलेल्या त्या माणसाचे हात बघून ठेवा. गुडघ्यांवर पालथे, मोकळे. देवाला जोडलेले नाहीत.

पुढे चला. पाऊस येऊन गेलाय, नदीला पाणी आहे, पलीकडे भंडाऱ्याचा डोंगर कडेकडेने हिरवा दिसतोय. दुष्काळ संपला तसा तुका घरातून नाहीसा झाला आणि भामचंद्राच्या डोंगरावर पंधरा दिवस बसला. धाकटा भाऊ कान्होबा त्याला शोधून खाली घेऊन आला. पण घरी जाण्याआधी दोघे नदीवर थांबलेत आणि मधे फडक्यात बांधलेला एक गठ्ठा आहे.

खतं आहेत ती. कर्जाचे कागद. जवळ जाऊन एक उचला. कागद जाडसर, हाताने घोटून गुळगुळीत केलेला. वर मोडी, बोरूने ओढलेली, अक्षर न उचलता पळणारी. अमक्याने इतके घेतले, अमुक व्याज, अमुक मुदत. खाली साक्षीदार. आणि जिथे आपण सही करतो तिथे एक चिमुकलं चित्र आहे: नांगर. लिहिता न येणारा कुणबी असा नांगर काढायचा, निशाणी म्हणून. तुमच्या हातातल्या कागदावरचा नांगर वाकडा आलाय, फाळ जरा जास्तच लांब झालाय. काढणाऱ्याने जीभ दातांत धरून काढला असणार. तो माणूस दुष्काळातून वाचलाय की नाही कोण जाणे. वाचला असेल तर हा कागद आयुष्यभर त्याच्या मानगुटीवर आहे.

तुकोबाने गठ्ठ्याचे दोन वाटे केले. एक कान्होबापुढे सरकवला. दुसरा उचलून पाण्यात.

काजळीची शाई पाण्याला फार वेळ टिकत नाही. पाहता पाहता कागदाभोवती करडा ढग धरतो, नांगर विरघळतो, व्याज विरघळतं, कागद जड होऊन कडेने मुडपतो आणि खाली जातो. कान्होबाच्या चेहऱ्यावर जे आहे त्याला भक्ती म्हणता येणार नाही. त्याचं बरोबरच आहे. त्याचा वाटा त्याने पोटाशी धरलाय आणि इतिहासात कुणी त्याला नावं ठेवलेली मी तरी वाचली नाहीत.

हे दृश्य नीट लक्षात ठेवा: या नदीत कागद टाकला की काय होतं, हे तुकोबाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

मधली वर्षं भरभर जाऊ देत. त्यात एक पडकं देऊळ आहे, वाडवडिलांच्या विठ्ठलाचं. तुकोबा ते हाताने उभं करतो. भंडाऱ्यावरचे दिवस आहेत, संतांची वचनं पाठ करणं आहे. दुसरी बायको जिजाई, पुण्याच्या गुळव्यांची लेक, जिला सगळे आवली म्हणतात, ती रोज नदी ओलांडून भाकरी घेऊन डोंगर चढते. चढताना तोंडाचा पट्टा चालू असतो आणि तो नवऱ्यावर कमी, विठ्ठलावर जास्त. संतचरित्रं लिहिणाऱ्या महिपतीने तिच्या पायातला काटा विठ्ठलाकडून काढवून घेतलाय. तिच्या शिव्या देवाने मनावर घेतल्या नाहीत, एवढा अर्थ मी त्यातून काढतो. आणि खरं सांगायचं तर या गोष्टीत मला तिची बाजू नेहमी जड वाटत आलीय. भाकरी तीच थापत होती.

आणि मग ते स्वप्न. नामदेव पांडुरंगाला सोबत घेऊन आला, जागं केलं आणि कविता करायला सांगितलं, हे खुद्द तुकोबांनी नोंदवलंय. परंपरा त्यात भर घालते: नामदेवाने शतकोटी अभंगांचा पण केला होता, तो अपुरा राहिला, ती बाकी तुकोबाने फेडायची होती. सावकाराच्या मुलाला देवाने हाक मारली तीसुद्धा बाकीच्या भाषेत. आपली खतं बुडवून बसलेला माणूस दुसऱ्याचं देणं फेडू लागला.

आता हळू या. नदीकाठी माणसं जमली आहेत.

वाघोलीचे रामेश्वर भट, मोठे वेदसंपन्न गृहस्थ. शूद्राने वेदांचा अर्थ प्राकृतात सांगायचा आणि लोकांनी त्याच्या पाया पडायचं, हे त्यांना सोसवलं नाही. अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्यात असं ठरलं. कोण ओढून नेतंय, कोण धमकावतंय असलं काही तुम्हाला दिसत नाही. सिनेमात दाखवतात तसं नाहीच काही. तुकोबा स्वतःच वह्या घेऊन आलाय. वर-खाली दगड, मधे वह्या, दोरीने करकचून बांधलेल्या. पाण्यात पडल्यावर आवाज एकदाच होतो. वर्तुळं मोठी होत जातात आणि मग काठावरच्या गवताला लागून थांबतात.

गावातली जीभ लगेच सुटली. आधी खतं बुडवून प्रपंचाला मुकला, आता वह्या बुडवून परमार्थालाही. ज्यांनी काल टाळ्या वाजवल्या होत्या तेही हसणाऱ्यांत आहेत. हे सगळ्या गावांत असंच असतं.

तुकोबा नदीपाशी थांबत नाही. देवळासमोर येतो. तुळशीवृंदावनाजवळ एक शिळा आहे, तिच्यावर बसतो. अन्न नाही, पाणी नाही. तोंड गाभाऱ्याकडे.

ही बैठक तुम्हाला ओळखीची वाटतेय. आपल्याकडे कलेक्टर कचेरीसमोर मंडप टाकून बसतात ती हीच. फक्त तिचा उगम मोर्चात नाही, सावकारीत आहे. देणेकरी दाद देईना तर धनको त्याच्या दाराशी जाऊन बसायचा, उपाशी. याला धरणं म्हणत. दारात माणूस उपाशी असताना घरातल्याने जेवायचं कसं? आणि तो मेला तर त्याची हत्या कुणाच्या माथी? घरमालकाच्या. शस्त्र नाही, शिवीगाळ नाही, नुसतं बसणं. महाजनाच्या घरात वाढलेल्या माणसाला ही रीत शिकवावी लागत नाही. आयुष्यभराची येणी ज्याने सोडून दिली, तो आता एकाच्याच दारात वसुलीला बसलाय.

तुम्हीही बसा, वृंदावनाच्या कट्ट्याला टेकून. तेरा दिवस आहेत.

पहिल्या दोन दिवसांत तुमची अपेक्षा अशी की या चेहऱ्यावर काहीतरी उजळ दिसेल. कॅलेंडरवर असतं तसं. डोळे अर्धे मिटलेले, ओठांवर किंचित हसू. तसं काही नाही. तिसऱ्या दिवशी ओठ फुटतात. चौथ्या दिवशी संताजी जगनाडे येऊन बसतात, चाकणचे तेली, अभंग लिहून घेणाऱ्यांपैकी एक. ते काही बोलत नाहीत. आवली पोरांना घेऊन येते, लांबूनच बघते, पदर तोंडाला लावते आणि परत जाते. आज ती विठ्ठलाला काही बोलली नाही, आणि या सगळ्या प्रकारात मला सर्वांत भीतिदायक वाटतं ते हेच.

रात्री तुम्ही जवळ सरकता. तो बोलतोय. पुटपुटतोय, थांबतोय, पुन्हा बोलतोय. ही प्रार्थना म्हणावी तर तिच्यात विनवणीच्या बरोबरीने जाब आहे. तूच लिहायला सांगितलंस की मला भास झाला? इतकी वर्षं मी कुणाशी बोलत होतो? शब्द माझे, पण गाथा चाळली असेल तर हा सूर तुम्हाला परका नाही. तुकोबाने विठ्ठलाला निष्ठुर म्हटलंय, कृपण म्हटलंय, आणि एका ठिकाणी तर आपल्यापुरता देवाला मेलेला ठरवून तो मोकळा झालाय. सप्ताहातल्या कीर्तनांत हे अभंग कमी लागतात. लावले पाहिजेत.

सहाव्या रात्री तुम्ही खिशातून पावती काढता. चांदण्यात अक्षरं दिसत नाहीत, घडीची रेघ तेवढी दिसते. आजीबाईंचं वाक्य पुन्हा आठवतं. निवांत ऱ्हावा. आणि तुम्हाला जरा रागच येतो, कारण समोर जो माणूस बसलाय त्याच्याइतकी देवावर भिस्त ठेवलेला दुसरा कोणी तुम्हाला माहीत नाही, आणि तो निवांत नाही. त्याला झोप नाही. त्याला भीती वाटतेय. या नदीत गेलेल्या कागदाचं काय होतं हे त्याला पक्कं माहीत आहे, तरी तो उठत नाही.

आपण भरवशाची झोपेची गोळी करून टाकली आहे. घ्या आणि पडा. गोळी घेऊनही झोप लागली नाही तर तुमची श्रद्धाच कच्ची, असं वर ऐकवतात. हा माणूस काही तसलं घेऊन बसलेला नाही. पण एक हिशेब सावकाराच्या पोराला बरोबर कळतो: दिवाळं निघालेल्याच्या दारात कुणी धरणं धरत नाही. मिळायची आशा सुटली की धनको शिव्या देत घरी जातो. दहाव्या, अकराव्या दिवशीही जो दारातून हलत नाही, त्याने आतल्याची पत मानलेली असते. तोंडाने तो काहीही म्हणो.

बाराव्या दिवशी त्याचं पुटपुटणं थांबतं. संताजी वाकून श्वास बघतात. आहे.

तेराव्या रात्रीनंतरची पहाट. तुम्हाला डुलकी लागलीय आणि आरडाओरड्याने जाग येते. लोक नदीकडे पळतायत. तुम्हीही पळता, पण पुढे इतक्या पाठी आहेत की पाणी दिसतच नाही. कुणी म्हणतं वर आल्या, कुणी म्हणतं कोरड्या आहेत. दोघे-तिघे उड्या टाकतात. परंपरा सांगते, वह्या तरल्या. आजच्या काळात बरेच जण सांगतात, वह्या बुडाल्या पण अभंग माणसांच्या तोंडात होते, ते कुणाला बुडवता आले नाहीत. देहूत भिजकी वही म्हणून एक हस्तलिखित जपलेलं आहे. तुम्ही टाचा उंच करून बघता आणि तुम्हाला एका माणसाच्या डोक्यावरचं मुंडासं दिसतं. बस्स. तुमच्या वाट्याला एवढंच आलंय.

म्हणून मागे फिरा. शिळेकडे चला, तिथे आता गर्दी नाही.

त्याला उठवून बसवलंय. कुणीतरी ओंजळीने पाणी पाजतंय, निम्मं हनुवटीवरून ओघळतंय. वह्या आल्याचं सांगून झालंय. जिंकलेल्या माणसाचा चेहरा कसा असतो ते तुम्हाला निवडणुकीच्या दिवसांत बघून माहीत आहे. हा तसा नाही. हा ओशाळलाय. या तेरा दिवसांबद्दल पुढे त्याने जे अभंग केले ते फुशारकीचे नाहीत, माफीचे आहेत: मी तुझा अंत पाहिला, लोकांच्या बोलण्यासाठी तुला शिणवलं, मोठा अन्याय केला. वसुली झाल्यावर देणेकऱ्याची क्षमा मागणारा सावकार मी दुसरा ऐकलेला नाही. मला विचाराल तर चमत्कार इथे झाला, नदीत काय झालं ते झालं.

सावकाश मागे या. शिळा झिजत जाते, गुळगुळीत होते, तिच्याभोवती भिंती उभ्या राहतात. नदीवर घाट चढतो. गाथा मंदिर दिसू लागतं, ज्याच्या भिंतींवर चार हजारांवर अभंग दगडात कोरले आहेत. या वेळी कुणी धोका पत्करलेला नाही. जलपर्णी परत येते, पाण्याची मोटार परत येते. तुमच्या बुडाखाली तिसरी पायरी आहे आणि पाय मुंग्या आल्यासारखे झालेत.

खिशात पावती आहे. वार अजून शनिवारच. सोमवारच्या पाचला पन्नास तास आहेत, कमी-जास्त. भीती होती तिथेच आहे. हात मात्र आता गुडघ्यांवर आहेत, पालथे, आणि ते जोडायचे की तसेच ठेवायचे याची घाई वाटत नाहीये.

वर देवळात टाळ वाजू लागलेत. जायचं असेल तर चला, तुकोबांची आरती आहे, महाराष्ट्रभर म्हणतात तीच. शेवटच्या कडव्यापर्यंत थांबा. तिथे रचणाऱ्याचं नाव येतं. वह्या बुडवायला लावणारे वाघोलीचे रामेश्वर भट पुढे तुकोबांचे शिष्य झाले. ती आरती त्यांची आहे.